सर्पगंधेचं वर्ष

आजारपणावर लिहिणारी माणसं बहुधा बरी झालेली असतात, त्यामुळे त्यांच्या लिहिण्यात थोडी ऐट शिरते. माझ्या लिहिण्यात ती दिसली तर वाचणाऱ्याने खुशाल माझा कान धरावा. मी बरा झालो हे खरं आहे. पण ज्या वर्षी मी आजारी होतो, त्याच वर्षी माझा मुलगा जन्माला आला, अडीच महिने आमच्या घरात राहिला आणि गेला. त्याचा चेहरा मला आठवत नाही. त्याला मी मांडीवर घेतलं आहे, त्याची टोपी सारखी केली आहे, शेवटी याच दोन हातांवर त्याला नदीकाठी नेलं आहे. तरी डोळे मिटले की टोपी दिसते आणि टोपीखाली काही दिसत नाही. त्याचा फोटो नाही. तळोद्यात तेव्हा कोण तान्ह्या पोराचा फोटो काढायला बसलं होतं?

आमच्या गल्लीतल्या एका मास्तरांना गेल्या वर्षी असाच काहीसा त्रास सुरू झाला. त्यांची बायको घरी येऊन यमुनेला, म्हणजे माझ्या बायकोला, विचारू लागली की तुमच्या ह्यांना नेमकं काय झालं होतं. यमुना म्हणाली, त्यांनाच विचारा. मला तोंडाने सांगता येईना, म्हणून लिहायला बसलो.

भीती

मी जातीने वाणी. तळोद्याच्या बाजारपेठेत आमचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. किराणा नावाला, खरा धंदा डोंगरातल्या मालाचा. डिंक, चारोळी, हिरडा, मध. डोंगरातले पावरे आणि भिल्ल तो गोळा करून आणतात, आम्ही घेतो आणि पुढे सुरतेला, मुंबईला पाठवतो. मोलगीच्या आठवडे बाजाराला मी स्वतः जायचो. अर्धी वाट मिळेल त्या गाडीने, अर्धी पायी.

त्या सुमारास मुंबईच्या औषधवाल्यांना सर्पगंधेच्या मुळीचं वेड लागलं होतं. जेवढी पाठवाल तेवढी कमीच. रक्ताच्या दाबावर तिच्या गोळ्या करतात, असं आम्हा व्यापाऱ्यांच्या कानावर आलं होतं. मुळी खरी की खोटी हे ओळखायचं तर तिची साल दाताखाली धरायची. जीभ मुरगळून टाकील असा कडूपणा आला तर खरी. त्या परीक्षेत माझा हात, म्हणजे जीभ, धरणारा सबंध तालुक्यात कोणी नाही, अशी माझी समजूत होती.

श्रावणात वडील धोतर नेसता नेसता भिंतीला टेकले आणि त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. अकरा दिवस ते तसे पडून होते. तोंड वाकडं झालेलं, बोलायला गेले की नुसता आवाज यायचा, आणि ते आम्हाला कळलं नाही म्हणजे त्यांच्या डोळ्यांतून पाणी यायचं. बाराव्या दिवशी गेले. लोक म्हणाले, सुटले. मी मात्र अडकलो. रोज सकाळी उठलो की अंथरुणातच दोन्ही हात वर करून बघायचो, उजवा डाव्याइतका वर जातो का. आरशासमोर उभा राहून दात दाखवायचो. दुकानात कोणी नुसतं कपाळ चोळलं तरी माझं काळीज लक्‌ करायचं. दसऱ्यापर्यंत झोप गेली, छातीत सारखी धडधड, कान तापलेले.

शेवटी नंदुरबारच्या डॉक्टरांना दाखवलं. त्यांनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, पारा बघितला आणि पुन्हा एकदा भरून बघितला. दुसऱ्यांदा बघणारा डॉक्टर मला आवडत नाही. ते म्हणाले, ''दाब फार आहे. या वयात इतका असू नये.'' मला पुढचं ऐकू आलं नाही. पट्ट्याची एक शिवण उसवलेली होती, ती मात्र मी टक लावून बघत होतो, हे पक्कं आठवतं.

त्यांनी बारीक पांढऱ्या गोळ्या दिल्या, घ्यायच्या कशा ते नीट समजावलं आणि विचारलं, ''दुसरं काही औषध घेता का?''

''नाही.''

त्या क्षणी ते खरंही होतं. पण पुढच्या महिन्यात त्यांनी पुन्हा विचारलं, तेव्हाही मी नाहीच म्हणालो. तोवर ते खरं राहिलं नव्हतं.

माझं शहाणपण

या गोळ्या आपल्याच मुळीच्या असतात, हे मला ठाऊक होतं. मी मनाशी हिशेब मांडला की कारखान्यातली एवढीशी गोळी जर इतकं काम करते, तर तिची आई माझ्या दुकानात पोत्याने पडली आहे. तिला कोणी भेसळ केलेली नाही, मी स्वतः चाखून घेतलेली आहे. मग गोळी चालू ठेवून, वर सकाळ-संध्याकाळ चिमूटभर मुळीची भुकटी दुधात टाकून प्यायला काय हरकत? चिमटीचा पुढे अर्धा चमचा झाला. निवडक मुळ्या मी स्वतःसाठी बाजूला काढून ठेवायचो, आंबेवाला घरच्यासाठी चांगले आंबे काढून ठेवतो तशा.

डॉक्टरांना सांगितलं नाही, यात लबाडी नव्हती. औषध म्हणजे चिठ्ठीवर लिहिलेलं, बाटलीतलं किंवा पुडीतलं. मुळी म्हणजे माल. हलवाई आपल्या दुकानातली जिलबी खातो, ते तो डॉक्टरला सांगायला जातो का? हा मूर्खपणा फक्त माझ्यासारखा, त्या मालात वाढलेला माणूसच करू शकतो. दुसऱ्या कुणी निदान भीत भीत तरी विचारलं असतं.

पहिला महिना झकास गेला. धडधड थांबली. झोप लागली. सकाळी हात वर करून बघायचं मी विसरलो. माय आमच्या अहिराणीत म्हणाली, ''पोऱ्या आते मानूसमा उना.'' मी माणसांत आलो, असं तिला वाटलं, आणि मीही सगळ्यांना सांगत सुटलो की बरं वाटतंय.

मग नाक बंद झालं. सर्दी नाही, पडसं नाही, पण दिवसरात्र नाक चोंदलेलं. ते मी मनावर घेतलं नाही. त्याच्या मागोमाग काय काय बंद होत गेलं, ते मला कळलंच नाही. कारण ज्याने कळायचं, तेच बंद होत होतं.

ज्यांना हे झालेलं नाही त्यांना सांगायचं तर काय सांगू? मला दुःख नव्हतं. लोक विचारायचे, कसली काळजी करतोस? मला काळजी नव्हती. मला काही हवंसं वाटत नव्हतं. भरीत-भाकरी म्हणजे माझा जीव की प्राण. यमुना शेतातली वांगी भाजून, हिरवी मिरची घालून करायची. ती पुढ्यात यायची आणि मी चावायचो, कारण चावायचं असतं. शेजारी माणसं गप्पांना बसली की त्यांचे ओठ हलताना दिसायचे. ती हसली की मला वाटायचं, यांना इतकं तोंड उघडायचं बळ येतं कुठून? मरावंसंही कधी वाटलं नाही. त्यालाही काहीतरी वाटावं लागतं.

एकच गोष्ट शाबूत होती. वाईट तेवढं बरोबर दिसायचं. डिंकाच्या ढिगात एक काळा खडा असला तर तो मला दारातून दिसायचा आणि बाकीचा सोन्यासारखा ढीग दिसायचा नाही. मायच्या कपाळावरची आठी दिसायची, तिने डोक्यावरून फिरवलेला हात जाणवायचा नाही. यमुना सातव्या-आठव्या महिन्यात होती, दमून बसायची. मला वाटायचं, ही माझ्यावर रागावलेली आहे. ती काय बोलते याकडे माझं लक्ष नसायचं, ती कुठे थांबते तेवढं मी बघायचो.

एकदा ती सरळच म्हणाली, ''तुम्ही आठे बठेल शेतस, पन तुम्ही घरमा नहीत.'' इथे बसलेले असून घरात नाही, असं.

मी म्हणालो, ''मग मी कोठे शे?''

उत्तर ऐकायची मात्र मला उत्सुकता नव्हती.

दिनू

होळीच्या आधी मुलगा झाला. लग्नाला नऊ वर्षं झाली होती, आणि त्याच्या आधीची दोन मुलं पोटात असतानाच गेली होती. माय घराबाहेर येऊन रस्त्यावरच्या माणसांना हाका मारून सांगत होती. दुकानात पेढे वाटले गेले. ते मीच वाटले म्हणे. बारशाला बहिणीने नाव ठेवलं दिनकर, आणि तो लगेच दिनू झाला. बारशाचं मला काय आठवतं? पाळण्याची एक दोरी दुसरीपेक्षा आखूड बांधली होती आणि पाळणा तिरपा झुलत होता.

दीड-दोन महिन्यांचा झाला तेव्हाची गोष्ट. चारोळीचे दिवस होते, दुकानात गर्दी. आमचं घर दुकानाच्या मागेच, मधे एक दार. यमुना त्या दारातून पोराला घेऊन लगबगीने आली. गिऱ्हाइकांसमोर ती कधी येत नसे. पदर खांद्यावरून घसरलेला, चेहरा लाल.

''देखा ना, देखा! पोऱ्या हासी ऱ्हायना!''

मी तिच्याकडे पाहिलं. तिच्या पायाशी पाण्याचं मडकं पाझरत होतं आणि दाराजवळच्या हिरड्याच्या पोत्याचा तळ ओला झाला होता.

''ते पोतं वल्लं व्हई ऱ्हायनं,'' मी म्हणालो. ''सरकाव.''

तिने घसरलेला पदर खांद्यावर घेतला. मग दिनूला एका हातावर घेऊन दुसऱ्या हाताने तिने ते पोतं ओढलं आणि आत गेली. ओल्या तळाचा आकार मी आजही कागदावर काढून दाखवीन. तिच्या हातावर जो हसत होता तो मला काढता येणार नाही.

वैशाखात त्याला डबा झाला, म्हणजे छाती भरली. छाती भात्यासारखी वरखाली होऊ लागली, ओठ निळे पडले. दवाखान्यात नेलं, सुई दिली, दोन दिवस झाले. तिसऱ्या दिवशी दुपारी यमुनेच्या मांडीवर तो गेला. घरात जो आकांत झाला तो मला दुरून ऐकू येत होता. तान्ह्या मुलाला आमच्यात जाळत नाहीत, पुरतात. मी त्याला नेलं. कुदळीचा दांडा ढिला होता आणि प्रत्येक घावाला वाजत होता, हे आठवतं. परत आलो, अंघोळ केली आणि दुकान बंद असूनही आत जाऊन मुळ्या निवडत बसलो. रडलो नाही. रडू दाबलं असंही नाही. दाबायला काही नव्हतंच.

गावात लोक म्हणाले, काय छातीचा माणूस आहे. काही म्हणाले, दगड आहे. यमुनेने तिसरंच ठरवलं. तिने माझ्याशी बोलणं बंद केलं. ताट वाढायची, दूध द्यायची, त्यात मी माझी भुकटी टाकायचो. तिला माहेरी घेऊन जायला तिचा भाऊ आला तेव्हा ती गेली नाही. का गेली नाही, हे मी तेव्हा विचारलं नाही.

मोलगी

ज्येष्ठाच्या सुरुवातीला, पाऊस लागायच्या आत शेवटचा बाजार म्हणून मी मोलगीला गेलो. चढावर डोळ्यांपुढे दोनदा अंधारी आली. बाजारात वेस्ता पावरा म्हणून माझा जुना माणूस होता, मुळी तोच आणायचा. त्याने जुडी पुढे ठेवली. मी साल दाताखाली धरली, उठायला गेलो आणि तिथेच कोसळलो.

शुद्धीवर आलो तेव्हा झाडाखाली होतो. वेस्ता माझं मनगट धरून बसला होता. नाडी हातालाच लागत नाही म्हणून तो घाबरला होता. माझ्याबरोबर आलेल्या दुकानाच्या गड्याने त्याला सांगितलं की शेट रोज दोनदा ही मुळी दुधातून घेतात. वेस्ता आधी हसला. त्याला ती थट्टा वाटली. मग माझ्याकडे बघून त्याचं हसू गेलं.

''शेट, मानूस येडा व्हयना, मारे, बोंबले, तव्हय आम्ही देतस. तो निजी जास. तू तर येडा नही. तू कसाले खास?''

वेड लागलेल्याला झोपवायला ही मुळी देतात, मग शहाणा असून तू कशाला खातोस, असं तो विचारत होता. डोंगरातले लोक सगळ्यांनाच अरे-तुरे करतात, पण त्या दिवशी ते 'तू' मला फार आपलं वाटलं असतं, वाटण्यासारखं काही शिल्लक असतं तर. दोन बांबूंना घोंगडी बांधून चौघांनी मला आळीपाळीने जीप मिळेपर्यंत खाली आणलं. त्यांचा तो दिवस बुडाला, माल विकायचा राहिला. त्याबद्दल कोणी चकार शब्द काढला नाही.

धुळे

नंदुरबारच्या डॉक्टरांनी नाडी पाहून चिठ्ठी दिली आणि मला धुळ्याच्या मोठ्या दवाखान्यात पाठवलं. तिथे मी तीन आठवडे होतो. पहाटे फरशी धुण्याचा आवाज, मग थर्मामीटर, मग चहा, मग सगळ्यांनी उठून बसायचं कारण मोठे डॉक्टर येणार. दुपारी बाहेर वऱ्हांड्यात नातेवाइकांच्या चुली पेटायच्या. यमुना तिथे माझ्यासाठी मुगाची खिचडी करायची. ती आली होती. बोलत नव्हती, पण आली होती.

मोठे डॉक्टर पुण्याकडचे, बोलायला तुटक पण मायाळू. त्यांनी तेच विचारलं, ''गोळ्यांखेरीज आणखी काही घेत होतात?''

मी म्हणालो, ''नाही.''

दाराशी उभी असलेली यमुना पुढे आली. पदर डोक्यावर ओढून, जमिनीकडे बघत म्हणाली, ''घेतात साहेब. सकाय-संध्याकाय दूधमा मुळीनी भुकटी लेतस. अर्धा चमचा.''

डॉक्टर माझ्याकडे वळले. ''कसली मुळी?''

''ते औषध नाही साहेब,'' मी म्हणालो. ''तो माल आहे.''

त्यांनी कोणता माल ते विचारलं, मी सांगितलं आणि ते माझ्या खाटेच्या कडेला बसले. रोग्याच्या खाटेवर बसलेला डॉक्टर मी तेव्हा पहिल्यांदा पाहिला. किती महिने, किती चमचे, सगळं विचारून झाल्यावर ते म्हणाले, ''अहो, गोळी आणि मुळी एकच. तुम्ही एकाच विहिरीवर दोन मोटा लावल्यात.''

नंतर रोज थोडं थोडं करून त्यांनी मला जे समजावलं, ते मला कळलं तसं सांगतो. जाणकारांनी हसू नये. डोक्यात काही द्रव्यं असतात. भीती वाटली की ती सुटतात आणि माणसाची नजर धोका शोधत फिरू लागते. ते वाईट नाही, त्यानेच माणूस जगतो. पण वडिलांच्या जाण्यानंतर माझी भीती महिनोन्‌महिने उतरलीच नाही, तेव्हा नजरेला तीच सवय लागली. आता गंमत अशी की घास गोड लागायला, समोरच्याचं हसू ओळखायला, उद्याची वाट बघायलाही तीच द्रव्यं आणि त्यांचीच भावंडं लागतात. मुळीने माझी भीती घालवली ती ही द्रव्यं उपसून. त्याबरोबर गोडीही उपसली गेली. मागे राहिली ती नुसती सवय, खोट शोधण्याची.

''म्हणजे मी दगड नव्हतो?'' मी विचारलं.

''नव्हतात. कोरडे पडला होतात. मुळी बंद करा, दाबासाठी मी दुसरं बघतो. झरे पुन्हा भरतील. दोन महिने लागतील, सहा लागतील. या विषयात आम्हीही अजून शिकतोच आहोत.''

यमुना ऐकत होती. मी तिच्यादेखतच विचारलं, ''आणि मागचं? मुलाचं काहीच आठवत नाही साहेब. ते येईल परत?''

डॉक्टरांनी चष्मा काढून पुसला. ''जिकडे लक्ष गेलं नाही ते आत उतरत नाही,'' ते म्हणाले. ''जे आत गेलंच नाही ते मी कुठून काढून देऊ?''

त्यांनी खोटं सांगितलं असतं तर मला तेव्हा बरं वाटलं असतं का, ठाऊक नाही. आज वाटतं, खरं सांगितलं तेच उपकार झाले. नाहीतर मी अजून वाट बघत बसलो असतो.

एसटी

घरी आल्यावर तीन-चार महिने काहीच झालं नाही. मला वाटू लागलं की डॉक्टर चुकले, माझी विहीर कायमची आटली आहे. तपासणीसाठी महिन्याला धुळ्याला जायचो, यमुना बरोबर यायची, दोघं खिडकीच्या दोन बाजूंना दोन परकी माणसं बसावीत तसे बसायचो.

दिवाळीनंतरची फेरी. परतताना नंदुरबारला गाडी बदलली आणि एसटी गावाबाहेर पडली. दोन्ही बाजूंना वाळत घातलेल्या मिरचीच्या पथारी पसरल्या होत्या, नजर जाईल तिथपर्यंत लालभडक. वारं आमच्या दिशेने होतं. सगळी गाडी शिंकायला लागली. ड्रायव्हर शिंकला, कंडक्टर तिकीट फाडता फाडता शिंकला, आणि मीही शिंकलो. एकामागून एक सात-आठ. वर्षभर चोंदलेल्या नाकातून मिरचीचा तो तिखट, उन्हाचा वास थेट डोक्यात गेला आणि मला एकदम, कसलाही विचार न करता, ठेचा खावासा वाटला. लसूण घालून, वर तेल, सोबत कळण्याची भाकरी. तोंडाला पाणी सुटलं. मी हसलो. मागच्या बाकावरची एक म्हातारी नाकाला पदर लावून मिरचीवाल्यांच्या सात पिढ्या उद्धरत होती, त्यालाही हसलो.

मग डोळ्यांतून पाणी येऊ लागलं. सगळ्यांच्याच येत होतं, कोणाचं लक्ष नव्हतं. पथारी मागे पडल्या, लोकांनी डोळे पुसले, गप्पा सुरू झाल्या. माझं पाणी थांबेना. दिनू गेला होता. माझा मुलगा गेला होता, वैशाखात, सहा महिन्यांपूर्वी, आणि ते मला त्या गाडीत आत्ता कळत होतं. मी पुढच्या बाकाच्या दांडीवर डोकं टेकून रडलो. तापीचा पूल आला, गेला. तळोदं येईपर्यंत रडलो.

यमुनेने माझ्या पाठीवर हात ठेवला नाही. उतरताना पिशवी घेतली आणि चालता चालता म्हणाली, ''मी रडी लिधं. मन्हं सरी गयं. आते तुमनं तुम्ही रडा.''

तिचं रडून सरलं होतं, माझं मलाच रडायचं होतं. मला राग आला. तिच्यावर, स्वतःवर, सगळ्यांवर. मग लक्षात आलं की राग येतो आहे, म्हणजे बरं आहे.

एवढं सांगतो

ज्या मास्तरांसाठी हे लिहितो त्यांना, आणि त्यांच्यासारख्या कोणालाही, माझं सांगणं थोडं आहे. डॉक्टर विचारतील तेव्हा तोंडात जाणारी प्रत्येक गोष्ट सांगा. घरची असली, दुकानची असली, आजीने दिलेली असली तरी. डॉक्टरांनी दिलेलंही आपल्या मनाने बंद करू नका. आणि घरात असा कोणी झाला असेल तर त्याला दगड म्हणू नका. त्याला तुमचं हसू दिसत नाही, तुमची आठी तेवढी दिसते, म्हणून जमेल तेवढी ती लपवा. यमुनेला ते जमलं नाही. का जमावं? तिचं मूल गेलं होतं आणि नवरा जिवंतपणी बेपत्ता होता.

गोडी परत आली म्हणजे आनंद परत येतो, असं लोकांना वाटतं. एकटा आनंद येत नाही. त्याच्या मागे जे जे थांबवून ठेवलेलं असतं ते सगळं रांगेने येतं, आणि प्रत्येकाला दार उघडावं लागतं. माझ्या दारात अजून कोणी ना कोणी उभं असतं.

त्याला आता सात वर्षं झाली. यमुना आणि मी पुन्हा बोलू लागलो, ते हळूहळू, भाजीपाल्यापासून. पुढे मूल झालं नाही. मी तिला कितीदा तरी विचारलं, तो दिसायचा कसा? नाक कोणाचं होतं? ती उठून जायची. एकदा म्हणाली, ''दखाडं व्हतं तव्हय तुम्ही देखं नही.'' दाखवलं होतं तेव्हा मी पाहिलं नव्हतं, हे खरंच होतं. विचारणं सोडून दिलं.

हे लिहायला घेतल्यावर ती रोज बाजूला बसून मटकी निवडायची. मी लिहिलेलं तिला वाचून दाखवायचो. शाळेतली मराठी तिला नीट कळते, पण ती कधी काही बोलली नाही. पोत्याचा भाग वाचला त्या दिवशी मी थांबलो. पुढे वाचवेना. ती मटकीतले खडे बाजूला टाकत होती. मान वर न करता म्हणाली,

''तो तुमना आवाजले हासे.''

मी म्हणालो, ''काय?''

''तुम्ही दुकानमा मोजेत ना. माप टाकेत आनि 'लाभ' म्हनेत, का तो हासे. दोनले नही, तीनले नही. नवं पोतं सुरू व्हयनं, तुम्ही पुन्हा 'लाभ' म्हनं, का पुन्हा हासे. मी चार खेप देखं. मंग त्याले उचली लई उनू.''

आमच्या धंद्यात मोजताना पहिल्या मापाला कोणी एक म्हणत नाही, लाभ म्हणतात. लाभ, दोन, तीन, चार. सगळेच व्यापारी म्हणतात, मीही लहानपणापासून म्हणत आलो, तोंडात बसलेलं. त्या वर्षी मी कोणाशी मायेने एक शब्द बोललो नव्हतो, पण हे म्हणत होतो, पोत्यामागून पोतं, आणि भिंतीपलीकडे माझा मुलगा ते ऐकून हसत होता. म्हणूनच त्या दिवशी ती त्याला उचलून दुकानात आली होती.

यमुना सूप घेऊन आत गेली. दुसऱ्या दिवशी सकाळी चारोळी घेऊन दोन पावरे आले. मी चटईवर बसलो, पायली भरली, वरून हात फिरवून सारखी केली आणि पोत्यात ओतली. तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. समोरचा माणूस माझ्या तोंडाकडे बघत राहिला, आणि मग माझी अडचण ओळखून, हळूच, त्यानेच म्हटलं, ''लाभ.''